आखाजीच्या आदल्या दिवशीची रांग

माझा मुलगा योगेश विमानतळाच्या काचेच्या दारापर्यंत आला आणि थांबला. "आप्पा, आठून पुढे माले येता येत नही," म्हणाला. माझा पासपोर्ट, तिकिटाचा कागद आणि एक चिठ्ठी त्याने माझ्या बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि वरून सेफ्टी पिन लावली. चिठ्ठीवर त्याचा फोन नंबर होता आणि तिकडच्या भाषेत दोन ओळी, हा माणूस वाट चुकला तर मला कळवा अशा. मी म्हटलं, "मी काय जत्रामा हराई जासू?" तो हसला नाही. पाया पडला आणि बाहेर राहिला. मी आत गेलो. एकदा वळून पाहिलं तर हात वर करून उभा होता. दुसऱ्यांदा पाहिलं तर मधे माणसं आली होती, तो दिसेना.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही, आणि गोड लिहिता येत नाही. पण आमच्या कोरीट गावची, आजूबाजूच्या गावांची पोरं आता कुठे कुठे गेली आहेत. सुरत, पुणे तर झालंच, आता दुबई झाली, जर्मनी झाली. त्यांचे म्हातारे इथे ओट्यावर बसून त्यांना नावं ठेवतात. मीही ठेवली. म्हणून हे लिहितो. दोघांनी वाचावं, गेलेल्यांनी आणि राहिलेल्यांनी.

माझी बायको भादव्यात गेली. सकाळी भाकरी केल्या, दुपारी छातीत दुखतं म्हणाली, नंदुरबारला नेईपर्यंत बोलत होती, दुसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर घरात मी एकटा. चूल पेटवायचो आणि समोर बसून राहायचो, काय शिजवायचं ते सुचायचं नाही. थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, शेजारच्याच घरात राहतो. तो रोज ताट पाठवायचा. चार महिने असं चाललं. मग योगेशने कागद केले आणि मला जर्मनीला बोलावून घेतलं. तो तिकडे गाड्यांच्या कारखान्यात आहे. बायको, एक मुलगी, चौथ्या मजल्यावर फ्लॅट.

मी निघालो तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. पथारीवर मिरचीचा लाल सडा पडलेला. नंदुरबारच्या बाहेर मिरची वाळत घालायची मैदानं आहेत, त्यांना पथारी म्हणतात. एका मारवाडी शेठजींच्या पथारीवर मी तीस वर्षं काम केलं. मिरची पसरायची, उलटायची, भरायची. तिथल्या माणसाला ठसका लागत नाही, नवा माणूस मात्र रस्त्यावरूनच खोकत जातो. त्या दिवशी गाडीच्या खिडकीतून वास आला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा पथारीचा ठसका लागला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. बरं झालं, रडतो का म्हणून कोणी विचारलं नाही.

तिकडचं काय सांगू. वाईट नाही. हीटर आहे, लिफ्ट आहे, नळाला दिवसभर गरम पाणी आहे. सुनेने मला सांभाळलं, खोटं कशाला बोलू. पण खाली उतरलो तर कोणी बोलत नाही. बाकावर बसलो तर शेजारचा माणूस मान हलवतो आणि पुन्हा समोर बघतो. झाडाला पान नाही, जमिनीला ढेकूळ नाही. नात मला दोन शब्द शिकवायची आणि मी ते विसरलो की हसायची. योगेशच्या मनात होतं की तीन महिने मी तिकडे राहावं, तीन महिने इकडे, असंच चालवावं. कायमचं राहायला तिकडचं सरकार देत नाही. नव्वद दिवस. त्याने पहिल्याच दिवशी मला सांगून ठेवलं, "आप्पा, नव्वद म्हणजे नव्वद. एक्क्याण्णवावा दिवस नको. नाव कॉम्प्युटरमधी लागी जास, मंग पुन्हा येता येत नही." मला वाटलं, पकडून कोठडीत घालतात की काय. तसं तो बोलला नव्हता, पण मी तसंच धरून चाललो.

मला तर त्याच्या आधीच निघायचं होतं. आखाजीला घरी पोहोचायचं होतं.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी घागर भरतात. मातीची नवी घागर पाण्याने भरायची, तिच्या तोंडावर डांगर ठेवायचं, डांगर म्हणजे खरबूज, बाजूला सांजोऱ्या, आमरस, कुरडया. घरातून गेलेली माणसं त्या दिवशी घरी येतात, पाणी पितात, जेवतात. चुलीतल्या निखाऱ्यावर एकेकाचं नाव घेऊन घास टाकायचा. आणि वर्षभरात जे माणूस गेलं त्याची पहिली घागर तर चुकवायचीच नाही. ते माणूस पहिल्यांदाच असं येणार. त्याला घर सापडलं पाहिजे, घरात आपलं कोणीतरी दिसलं पाहिजे. माझ्या बायकोची ही पहिली घागर होती. तिला अग्नी मी दिला होता, तर घासही मीच टाकायचा.

योगेशने दोन दिवस राखून तिकीट काढलं होतं. विमान कंपनीने फोनवर कळवलं, विमान एक दिवस पुढे गेलं. झालं. आता आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी उडणार, रात्री मुंबई, पहाटेची गाडी सुरतेला, तिथून नंदुरबार, दुपारच्या घासाला घरी. आणि तो दिवस नेमका माझा नव्वदावा. मधे कुठेही एक दोरा तुटला की सगळं गेलं. हे विमान चुकलं तर पुढचं तीन दिवसांनी. घागर जाणार आणि नाव कॉम्प्युटरमध्ये लागणार. रात्रभर मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

आणखी एक गाढवपणा माझाच. योगेशने म्हटलं होतं, "आप्पा, व्हीलचेअर लिहू का तुमच्या नावाने? रांगेत उभं राहावं लागणार नाही, माणूस ढकलत नेतो." मी चिडलो. म्हटलं, "मी लंगडा शे का? दोन पोतं मिरची पाठवर वाहेल माणूस मी." सून म्हणाली, "आप्पा, सगळे घेतात." मी म्हटलं, "सगळ्यांचे पाय मोडले असतील." मोठा शहाणा.

बॅग तपासून झाली, पट्टा काढला, पट्टा घातला, आणि मग ती रांग दिसली. रांग पाहिली आहे मी. मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या मार्केटबाहेर गाड्यांची रांग लागते ती एवढी की टोक दिसत नाही. पण त्या रांगेत माणूस खाली उतरून बसतो. कांदा फोडतो, भाकरी खातो. शेजारच्याला विचारतो, कुठला तू, मिरची ओली का सुकी. मी मालाच्या रांगेतला माणूस आहे. तिथे मालाला तपासतात. इथे माणसाला तपासत होते.

दोऱ्या बांधून वळणं केली होती. एका वळणात पुढे जायचं, मग उलट यायचं, पुन्हा पुढे. ज्या बाईला मी मघाशी तोंडासमोर पाहिलं तीच थोड्या वेळाने शेजारून उलटी जायची. बसायला काही नाही. पुढे काय चाललंय ते दिसत नाही, फक्त वर लाल आकडे बदलत होते. तिकडच्या, सोप्या पासपोर्टवाल्यांची एक रांग वेगळी होती, ती पाण्यासारखी वाहत होती. आमची हलतच नव्हती.

सकाळपासून मी पाणी प्यायलो नव्हतो. मुद्दाम. या वयात लघवी धरत नाही, आणि रांग सोडली तर जागा गेली. तरी तासाभराने लागलीच. पाय आवळून उभा राहिलो. दोन वेळा वाटलं, होऊ दे इथेच. माझ्यामागे एक पोरगी होती, तिशीची असेल, अंगावर लोकरीचा कोट. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काका, इंडिया जाओ छो?" गुजराती. माझा जीव एवढा मोठा झाला. आमच्याकडे गुजराती सगळ्यांना कळते, नवापूर ओलांडलं की तेच सुरू होतं. मी म्हटलं नंदुरबार. ती म्हणाली, "हुं व्यारानी." व्यारा म्हणजे नवापूरपासून घटकाभराच्या वाटेवर. तिचं नाव हेतल, तिकडे दवाखान्यात नर्स आहे, माझ्याच विमानाने निघालेली. माझे पाय पाहून तिला कळलं असणार, नर्सच ती. म्हणाली, "जाव काका, हुं ऊभी छुं." मी जाऊन आलो. परत आलो तर मागचा एक उंच माणूस मला आत घेईना, त्याला वाटलं मी घुसतोय. हेतल त्याच्याशी त्याच्या भाषेत भांडली. मला म्हणाली, "व्हीलचेर केम ना लीधी?" व्हीलचेअर का घेतली नाही म्हणे. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

घड्याळ तिच्या हातात होतं, मी सारखं विचारत होतो. विमानाला सव्वा तास. विमानाला एक तास. आणि अजून दोन वळणं. तोंड कोरडं पडलं. मनात नको नको ते येत होतं. घागर रिकामी पडली आहे, बायको दारात उभी आहे, घरात कोणी नाही. तिला उभं राहायची सवय होती, पण असं कोणाच्या दारात ती कधी उभी राहिली नाही.

वळणं संपली तर पुढे यंत्र. यंदा तिकडे नवीन बसवलंय म्हणे, येताना जाताना बोटं लावायची, तोंड दाखवायचं. तोंड घेतलं त्याने. बोटं घेईना. चार बोटं काचेवर ठेवली, लाल दिवा. पुसून ठेवली, लाल. हेतल म्हणाली, कपाळावर घासा, जरा तेलकट होऊ द्या, दाबा. घासली. लाल.

मला ते माहीत होतं. सांगायची लाज वाटत होती इतकंच. तीस वर्षं मिरचीत हात. सालं निघायची, पुन्हा यायची, पुन्हा निघायची, आता बोटांना रेघाच नाहीत. रेशनच्या दुकानातही माझा अंगठा लागत नाही. बायकोचा लागायचा. आम्ही दोघं जायचो, ती पुढे होऊन डोक्यावरच्या तेलात अंगठा फिरवायची आणि टेकवायची, हिरवा दिवा. आणि सगळ्यांदेखत मला म्हणायची, "सरकार तुन्हा अंगठा वळखस नही, मन्हा वळखस." दुकानदार हसायचा. ती गेल्यापासून मी रेशन आणलं नाही. दादाचं पोरगं आणतं.

यंत्राजवळच्या माणसाने मला हाताने बाजूला केलं आणि दुसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं. हेतलचं झालं, ती पुढे गेली. मी पुन्हा शेवटी. ही रांग लहान होती, पण एकच खिडकी, आणि पुढच्या प्रत्येक माणसाशी आतली पोलीसबाई चर्चा करत होती. विमानाला पाऊण तास.

तिथे मला ते आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलो कधी होतो.

बायको गेली त्या दिवशी योगेशला फोन केला. तो म्हणाला, निघालो. भादव्यातला पाऊस, प्रेत किती ठेवणार. संध्याकाळपर्यंत थांबलो, मग गावाने सांगितलं, आता पुरे. मी अग्नी दिला. योगेश तिसऱ्या दिवशी आला, आम्ही राख सावडायला निघत होतो तेव्हा. दारात बॅग घेऊन उभा, डोळे सुजलेले. मी काय म्हणालो ते पूर्ण गल्लीने ऐकलं. "आते काय उना? राख सावडाले उना का?" तो म्हणाला, "आप्पा, एअरपोर्टवर रांगेत अडकलो. विमान डोळ्यासमोर सुटलं. दुसऱ्याला जागा नव्हती." मी म्हटलं, "मायपेक्षा रांग मोठी व्हयनी का तुले?" कोणी त्याच्या हातात पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही. माझं तोंड पाहून कोणाची हिंमत झाली नाही. तो तसाच आमच्या मागे चालत आला, बॅग दारात ठेवून.

मला वाटलं होतं, सबब सांगतो. विमानाला कसली रांग. पैसे देऊन तिकीट काढलेल्या माणसाला कोण अडवतं. एसटी सुटत असेल तर आपण पळतो, हात करतो, कंडक्टर थांबवतो. हा पळाला नसेल. सात महिने मी हेच धरून होतो. तीन महिने त्याच्या घरात राहिलो, त्याचं खाल्लं, तरी धरून होतो. त्यानेही पुन्हा तो विषय काढला नाही.

आता माझ्यापुढे पाच माणसं होती आणि मी पळू शकत नव्हतो. पळायला कुठे होतं? दोरीच्या त्या बाजूला बंदूकवाला पोलीस. हात कोणाला करणार. तेव्हा मला तो दिसला, बॅग धरून, अशाच दोरीत, त्याची माय इथे ओट्यावर निजवलेली आणि तो वरचे लाल आकडे बघतोय. माझी घागर चुकणार होती. त्याची तर माय होती.

मी तिथे रडलो. आवाज केला नाही. पुढच्या माणसाने मागे पाहिलं आणि लगेच पुढे तोंड केलं.

माझा नंबर आला. पोलीसबाई तरुण होती, केस मागे घट्ट बांधलेले. पासपोर्ट पाहिला, मला पाहिलं, दिवस मोजले. नव्वद. पुन्हा बोटं लावायला सांगितलं. नाही. काहीतरी विचारलं, मला कळेना. तेव्हा खिडकीपलीकडून हेतलचा आवाज आला. ती गेली नव्हती. पिवळ्या पट्ट्याच्या त्या बाजूला उभी होती, एक पोलीस तिला पुढे जा म्हणत होता आणि ती माझ्याकडे बोट दाखवून त्याला काहीबाही सांगत होती. शेवटी बाईने तिला खूण केली, बोल म्हणून.

पहिला प्रश्न जन्मतारीख. ती पाठ होती, एक जून. आमच्या वर्गातल्या सगळ्यांना मास्तरांनी एक जूनच लावून टाकला होता. खरी माझ्या मायलाच माहीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. बापाचं नाव विचारलं, सांगितलं. मग बाईने पासपोर्टचं शेवटचं पान काढलं. हेतल म्हणाली, "काका, काकीनुं नाम पूछे छे."

माझ्या बायकोचं नाव.

आमच्या पिढीत बायकोला नावाने हाक मारत नाहीत. लग्नात एकदा नाव घेतलं, बायकांनी अडवलं म्हणून, आणि तेही खाली मान घालून. त्यानंतर पन्नास वर्षं "अय" म्हटलं की ती यायची, आणि दुसऱ्याला सांगायचं तर "योगानी माय," म्हणजे योगेशची आई. दवाखान्यात नाव दादाने लिहून दिलं. ग्रामपंचायतीत मेल्याची नोंद केली तीही दादानेच. माझ्या तोंडाला ते नाव माहीतच नाही. आणि आता तर ती नाही. मेलेल्या माणसाचं नाव असं परक्या खिडकीत उभं राहून काढायचं?

मी म्हटलं, "योगानी माय." हेतलने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं, पण पोलीसबाईच्या पानावर ते नव्हतं. बाईने मान हलवली, शेजारच्या माणसाला बोलावलं. दोघं मिळून पान बघू लागले. बोटं लागत नाहीत, बायकोचं नाव सांगता येत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही संशय आला असता. हेतल रडकुंडीला आली. "बोलो ने काका. विमान जतुं रेशे."

मी खिडकीचा काठ धरला. डोळे मिटले. "मथुराबाई," म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

बाईने पानावर बोट ठेवलं, पाहिलं. मग अजून एक विचारलं, आता जरा हळू. हेतल म्हणाली, "पूछे छे, काकी क्यां छे?"

गेली, असं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "घर शे."

नंतर विमानात बसून मी विचार केला, ती घरी आहे म्हटलं, हे पोलिसाशी खोटं बोललो की काय. मग वाटलं, नाही. दुसऱ्या दिवशी आखाजी होती.

पासपोर्ट माझ्याकडे सरकवला. हेतलने माझी पिशवी घेतली, माझं मनगट धरलं आणि आम्ही पळालो. सत्तरीचा माणूस आणि व्याऱ्याची पोरगी, चकचकीत दुकानांच्या मधून. माझी एक चप्पल निसटली, मी ती हातात घेतली. विमानाचं दार बंद व्हायच्या बेतात होतं. पाणी मागितलं ते आत बसल्यावर, तीन पेले प्यायलो.

मुंबईलाही रांग होती. मी बोटं पुन्हा पुढे केली. पण तिथल्या माणसाने पासपोर्ट पाहिला, "कुठले बाबा?" विचारलं, ठप्पा मारला. हेतल सुरतेपर्यंत आणि तिथून पुढच्या गाडीतही माझ्यासोबत होती, व्याऱ्याला उतरली. पाया पडली. मी तिला काय देणार, डोक्यावर हात ठेवला. पुढे नवापूर, चिंचपाडा, खांडबारा. प्रत्येक स्टेशनला गाडी थांबली की मी दारात जायचो, जसं काही मी दारात गेलो की ती लवकर निघणार होती. ऊन चढलं होतं. घासाची वेळ टळून गेली ती मला गाडीतच कळली.

घरी पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मी मनात धरलं होतं की दादाने घास टाकला असणार, सगळे जेवून आडवे झाले असणार. अंगणात आलो तर सगळे ओट्यावर बसलेले. दादा खांबाला टेकून, तोंड पांढरं पडलेलं. त्याला साखरेचा आजार आहे, गोळी घेतली की जेवावंच लागतं.

"घागर सकायले भरी ठेयेल शे," दादा म्हणाला. "तुन्हा हातना घास बाकी शे."

वहिनी म्हणाली, "तुम्हना भाऊनी गोयी ली लिधी, आनि पोटमा अन्न नही. कोनीच जेवेल नही. पोरेसोरेसुद्धा."

मी म्हटलं, "मी नसतू उनू तं?"

"तं काय, दिवाबत्तीलगून बठतूत," दादा म्हणाला. "आते हात-पाय धोय. मंग बोल."

घागर आमच्या घरातच भरली होती, त्याच्या घरात नाही. कुलूप काढून, सारवून, चूल पेटवून. निखाऱ्यावर दादाने आमच्या बापाचं, मायचं नाव घेतलं, घास टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिचं नाव घेतलं. या खेपेला अडलं नाही. धूर सरळ वर गेला. मग सगळे जेवले, आणि मला वाटतं दादा त्या दिवशी जेवला तसा वर्षात जेवला नसेल.

जेवून झाल्यावर योगेशला फोन लावला. त्याने विचारलं, पोहोचले का, वेळेवर का. मी हो म्हटलं. मला बरंच बोलायचं होतं. सात महिन्यांचं होतं. आमच्यात बाप पोराची माफी मागत नाही, कशी मागायची तेच माहीत नसतं. मी म्हटलं, "रांग भलती मोठी शे रे, योगा."

तो म्हणाला, "हाव, आप्पा."

तेवढंच. पण मला वाटतं त्याला पोहोचलं. नसेल पोहोचलं तर हे वाचेल.

दिवाळीनंतर तो पुन्हा बोलावतोय. जाईन की नाही माहीत नाही. त्या खिडकीचं स्वप्न अजून पडतं. पण आता भीती वेगळी आहे. आता मला माझ्या दिवसाची भीती वाटते. मी मरेन तेव्हा तो तिकडे असेल, फोन जाईल, तो निघेल आणि तसाच दोरीत उभा राहील, पुढे माणसं, मागे माणसं. मला त्याचं काही करता येणार नाही.

म्हणून दादाला, वहिनीला, दादाच्या पोरांना आणि गल्लीला सांगून ठेवतो. माझ्यासाठी थांबू नका, दादाच्या पोराने अग्नी द्यावा. योगेश दुसऱ्या दिवशी येईल, तिसऱ्या दिवशी येईल, जेव्हा येईल तेव्हा येईल. दारात बॅग घेऊन उभा राहील. त्याला कोणी विचारायचं नाही, इतका उशीर का. आधी पाण्याचा तांब्या द्या. हात-पाय धुऊ द्या. मग त्याचा हात धरून त्याला घरात घ्या. घर आता मला एवढंच कळतं. तेवढं त्याच्यासाठी ठेवा.